कापशीच्या रक्ताचा थेंब

(शिकारी पक्ष्यांच्या रक्तात राहणाऱ्या सूक्ष्म जीवांची ओळख या पाठात करून दिली आहे. एखादी गोष्ट डोळ्यांना दिसली म्हणजे तिचे कारण कळले, असे होत नाही. कारण शोधण्यासाठी योग्य प्रश्न विचारावे लागतात, हे या पाठातून तुमच्या लक्षात येईल.)



जामखेडहून खर्ड्याच्या रस्त्याने तुम्ही कधी ना कधी गेला असाल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारीची आणि तुरीची शेते लागतात. विजेच्या तारेवर एखादा पांढरट राखाडी पक्षी एकटाच बसलेला दिसतो. तो आकाराने कावळ्यापेक्षा थोडा लहान असतो. खांद्यावर काळा पट्टा आणि डोळे लालबुंद. मध्येच तो उडतो, शेतावर एकाच जागी पंख फडफडवत हवेत थांबतो आणि पंख वर धरून अलगद खाली उतरतो. परत तारेवर येतो तेव्हा त्याच्या पंजात उंदीर असतो. हीच कापशी घार. शेतकऱ्याची ही मैत्रीणच म्हणा ना! ती उंदीर खाते, टोळ खाते आणि मजुरी मात्र मागत नाही.

एका वर्षी संक्रांतीनंतरची गोष्ट. सकाळची प्रार्थना संपली होती. आठवीतील दोन मुले एक खोके घेऊन धावत आली. विंचरणा नदीच्या काठी बाभळीखाली त्यांना एक कापशी सापडली होती. तिने पिसे फुगवली होती. डोळे अर्धवट मिटले होते. एक पंख खाली लोंबत होता.

त्याच आठवड्यात शाळेत आरोग्य कर्मचारी येऊन गेले होते. ज्यांना ताप होता, त्या मुलांच्या बोटाला सुई टोचून त्यांनी रक्ताचे थेंब काचेच्या पट्टीवर घेतले होते. ते मुलांच्या मनात ताजे होते. एका मुलाने विचारले, "सर, हिलाही मलेरिया झाला असेल का?"

बाकीची मुले हसली. पण मित्रांनो, तो प्रश्न हसण्यासारखा नव्हता. पक्ष्यांनाही हिवताप, म्हणजे मलेरिया होतो. आणि कापशीच्या रक्ताची तर स्वतंत्र गोष्टच आहे. दुसरा मुलगा घाबरून मागे सरकला आणि म्हणाला, "मग तो आपल्यालाही होईल. हिला लांब फेकून द्या!"

एका प्रश्नातून कुतूहल निघाले, दुसऱ्या बोलण्यातून भीती निघाली. दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी होते, रक्ताच्या थेंबात. त्या थेंबाला आपण तीन प्रश्न विचारू. आत काय आहे? ते आत कसे आले? आणि आत येऊन ते काय करते?

आत काय आहे?

पक्ष्याच्या रक्ताचा छोटा थेंब काचेच्या पट्टीवर पातळ पसरतात. तो वाळवून त्यावर रंग चढवतात आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहतात. माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशी गोल असतात आणि त्यांच्यात केंद्रक नसते. पक्ष्यांच्या तांबड्या पेशी लांबट गोल असतात आणि प्रत्येकीच्या मध्यभागी केंद्रक असते. शेकडो पेशी पाहिल्यावर कधीकधी एखादी पेशी वेगळी दिसते. तिच्या केंद्रकाला वळसा घालून काहीतरी बसलेले असते, उशाला वळकटी घेऊन कोणी झोपावे तसे. हा बाहेरून आलेला जीव. त्याला मराठीत परोपजीवी म्हणतात. पर म्हणजे दुसरा. दुसऱ्याच्या जिवावर जो उपजीविका करतो, तो परोपजीवी.

तुमच्या उर्दूत याला काय म्हणतात? तुफैली! कूफा शहरात तुफैल नावाचा एक मनुष्य होता, असे सांगतात. आमंत्रण नसतानाही तो प्रत्येक दावतीला हजर होत असे. त्याच्यावरून न बोलावता आलेल्या पाहुण्याला तुफैली म्हणू लागले. रक्तातला हा जीवही असाच न बोलावलेला पाहुणा आहे.

फ्रान्सचे डॉक्टर अल्फोन्स लाव्हेरान यांनी 1880 साली अल्जीरियात काम करताना हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात असे जीव प्रथम पाहिले. त्यानंतर चारपाच वर्षांतच खारकोव्ह येथील शास्त्रज्ञ दानिलेव्हस्की यांना पक्ष्यांच्या रक्तातही तसे जीव आढळले.

आपल्या शेजारच्या गोव्यातही हे काम झाले. डॉ. फ्रोइलानो द मेलो यांचा जन्म 1887 साली गोव्यातील बाणावली या गावी झाला. पणजीच्या वैद्यकीय शाळेत ते शिकवत आणि संशोधन करत. तेव्हा गोव्यात पोर्तुगिजांचे राज्य होते. द मेलो यांनी गोव्यातील अनेक पक्ष्यांचे रक्त तपासले. त्यांत कापशी घारही होती. तिच्या तांबड्या पेशींत त्यांना एक परोपजीवी आढळला. 1935 साली त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. कापशीचे शास्त्रीय नाव इलानस. म्हणून या परोपजीवीला नाव मिळाले हीमोप्रोटिअस इलानी. पुढे इतर देशांतील शिकारी पक्ष्यांच्या रक्तातही त्याची नोंद झाली, पण नाव तेच राहिले. जगातला कोणताही अभ्यासक आज हे नाव लिहितो, तेव्हा आपल्या शेतावर घिरट्या घालणाऱ्या कापशीचेच नाव लिहितो.

शिकारी पक्ष्यांच्या रक्तात मुख्यतः तीन प्रकारचे असे पाहुणे आढळतात. पहिला हा हीमोप्रोटिअस. दुसरा ल्युकोसायटोझून. तिसरा प्लाझमोडिअम, म्हणजे हिवतापाचा परोपजीवी. घार, शिक्रा, ससाणा, घुबड अशा कितीतरी पक्ष्यांत यांपैकी एखादा सापडतो.

ते आत कसे आले?

पाहुणा दिसला. पण तो कोणत्या दाराने आला? हा प्रश्न सुटायला पुष्कळ कष्ट पडले. त्याचे उत्तर आपल्याच देशात मिळाले.

रोनाल्ड रॉस हे लष्करातील डॉक्टर सिकंदराबादला होते. डासांमुळे हिवताप पसरतो की काय, हे ते शोधत होते. हुसेन खान नावाच्या रुग्णाच्या रक्तात हिवतापाचे परोपजीवी होते. रॉस यांनी हुसेन खानला डास चावू दिले आणि प्रत्येक डासामागे त्याला एक आणा दिला. मग एकेक डास चिरून ते तपासू लागले. 20 ऑगस्ट 1897 रोजी एका डासाच्या पोटाच्या भिंतीत त्यांना परोपजीवीच्या गाठी दिसल्या. हा दिवस आजही जागतिक डास दिन म्हणून पाळतात.

पण अर्धेच कोडे सुटले होते. डासाच्या पोटातून हा जीव पुन्हा बाहेर कसा जातो? पुढच्या वर्षी रॉस कलकत्त्याला गेले. त्या काळी प्लेगची आणि सरकारी तपासणीची लोकांना फार भीती वाटे. लोक रक्त द्यायला तयार होत नसत. तेव्हा रॉस पक्ष्यांकडे वळले. पक्ष्यांच्या हिवतापावर त्यांनी प्रयोग सुरू केले. या कामात महंमद बक्ष हे त्यांचे विश्वासू मदतनीस होते. जुलै 1898 मध्ये रॉस यांना डासाच्या लाळेच्या ग्रंथीत हिवतापाचे जीव सापडले. आजारी चिमण्यांचे रक्त प्यायलेले डास निरोगी चिमण्यांना चावले, की त्या चिमण्यांच्या रक्तातही काही दिवसांनी परोपजीवी दिसू लागत. डास चावतो, तेव्हा त्याच्या लाळेबरोबर परोपजीवी आत शिरतो. दार सापडले! त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या हिवतापाबाबतही हेच सिद्ध केले. 1902 साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पाहा मित्रांनो, माणसाचा आजार समजण्यासाठी आधी पक्ष्याचे रक्त वाचावे लागले. नोबेल पारितोषिक रॉस यांना मिळाले. पण त्या शोधात हुसेन खान यांचे रक्त आहे, महंमद बक्ष यांचे कष्ट आहेत आणि मुक्या चिमण्यांचा जीवही आहे.

प्रत्येक पाहुण्याचे दार मात्र वेगळे असते. पक्ष्यांचा हिवताप डास पसरवतात. हीमोप्रोटिअस हा डासाहून बारीक अशा चावऱ्या चिलटांमुळे आणि पिसांत लपून राहणाऱ्या चपट्या माश्यांमुळे पसरतो. ल्युकोसायटोझून वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या चावऱ्या काळ्या माश्यांमुळे पसरतो. घारीच्या रक्तातील हा जीव तिला हात लावल्याने आपल्या अंगात येत नाही. पक्ष्यांचा हिवताप वेगळा, माणसांचा वेगळा. तेव्हा मागे सरकलेल्या त्या मुलाला मी सांगितले, "बाळ, हिच्यामुळे तुला मलेरिया होणार नाही. तुला मलेरिया होईल तो तुझ्या घरामागे साठलेल्या पाण्यातील डासांमुळे आणि तोही आधी एखाद्या आजारी माणसाला चावलेल्या डासामुळे." तरीही रानातल्या पक्ष्याला उघड्या हाताने धरू नये. त्याच्या अंगावर इतर रोगजंतू असू शकतात. शिवाय त्याची नखे आणि चोच फार तीक्ष्ण असतात.

आत येऊन ते काय करते?

हा तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. रक्तात परोपजीवी सापडला म्हणजे पक्षी त्यानेच आजारी पडला, असे म्हणता येईल का?

बहुतेक वेळा तसे म्हणता येत नाही. हीमोप्रोटिअस प्रथम शरीराच्या आतील अवयवांत वाढतो. मग तांबड्या पेशींत येऊन चिलटाची वाट पाहत थांबतो. रानातील कितीतरी घारी असा पाहुणा अंगात घेऊन उडतात, शिकार करतात, पिले वाढवतात. पक्षी आणि परोपजीवी हजारो वर्षे एकाच प्रदेशात राहिले, की त्यांची एकमेकांना सवय होते. पण पक्षी उपाशी असेल, जखमी असेल किंवा घरट्यातील लहान पिलू असेल, तर तोच पाहुणा भारी पडतो. बळ कमी झाले, की पाहुणा घराचा मालक होऊ पाहतो.

प्रदेश बदलला तरीही असेच होते. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशात एक मोठा ससाणा राहतो. उर्दूत शाहीन म्हणतात त्या ससाण्याचा हा थोरला भाऊच. त्याच्या थंड मुलखात या हिवतापाचे डास नसतात. शिकारीचे शौकीन लोक त्याला उष्ण देशांत आणून पाळतात. तेथे डास चावून पक्ष्यांच्या हिवतापाने असे ससाणे मेल्याच्या नोंदी आहेत. हवाई बेटांतही असेच घडले. तेथे पूर्वी डास नव्हते. 1826 च्या सुमारास जहाजांबरोबर डास आले आणि पुढे पक्ष्यांचा हिवतापही पसरला. तेथील रंगीबेरंगी पक्ष्यांच्या अनेक जाती कायमच्या नष्ट झाल्या. म्हणजे हा परोपजीवी मारू शकतो. पण प्रत्येक मृत्यूला तोच जबाबदार असतो असे नाही.

याचे मोठे उदाहरण म्हणजे आपली गिधाडे. पूर्वी मेलेल्या जनावराभोवती गिधाडांचे थवे जमत. तुमच्या आजोबांना विचारा, ते सांगतील. 1990 नंतर देशातील गिधाडे भराभर मरू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी तर शंभरात एकसुद्धा उरले नाही. एखादा संसर्गजन्य रोग आला असावा, असे प्रथम अनेक तज्ज्ञांना वाटले. त्यांनी जंतू शोधले, विषाणू शोधले. शेवटी 2004 साली खरे कारण प्रसिद्ध झाले. जनावरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचे औषध देत असत. ते औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी त्याचे मांस खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. मारेकरी रक्तातला पाहुणा नव्हता. तो माणसाच्या औषधाच्या बाटलीत होता. 2006 साली भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली.

कारण शोधताना आजूबाजूला पाहावे लागते, ही गोष्ट जामखेडला नवी नाही. 1970 साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांपैकी पुष्कळ जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. पण त्या घरोघर जाऊन पाहू लागल्या. पाणी कुठले पितात? मूल पोटभर जेवते का? सांडपाणी कोठे साठते? आजाराचे मूळ पुष्कळदा तेथे सापडे. नुसत्या गोळीने जे साधले नाही, ते स्वच्छ पाण्याने आणि पोटभर अन्नाने साधले.

आता आपल्या कापशीकडे परत येऊ.

आम्ही खोक्याला भोके पाडली. तिच्यावर सुती कापड टाकले आणि खोके अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवले. मुलांना तिला पाणी पाजायचे होते. मी त्यांना थांबवले, कारण बळजबरीने पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. मग 1926 या क्रमांकावर वन विभागाला फोन केला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा पक्षी घरी ठेवणे हा गुन्हा आहे. वनकर्मचारी आले आणि तिला पशुवैद्यांकडे घेऊन गेले.

पंखाखालून नायलॉनच्या मांज्याचा दोरा निघाला. तो हाडापर्यंत रुतला होता. चौथ्या दिवशी कापशी मेल्याचे कळले.

त्या मुलाने पुन्हा विचारले, "सर, तिच्या रक्तात तो परोपजीवी होता का?" मी तोच प्रश्न पशुवैद्यांना विचारला. ते म्हणाले, "रक्त तपासण्याची गरजच पडली नाही. तपासले असते, तर कदाचित सापडलाही असता. पण तिला मारले ते मांज्याने."

वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. इंग्रजीत घारीलाही काइट म्हणतात आणि पतंगालाही काइटच म्हणतात. आमच्या एका काइटने दुसऱ्या काइटचा जीव घेतला होता. 2017 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नायलॉनच्या मांज्यावर देशभर बंदी घातली. तरी तो मांजा आमच्याच छपरांवरून उडाला होता.

दुसऱ्या दिवशी मुले पिशव्या घेऊन नदीकाठी गेली. लिंबाच्या आणि बाभळीच्या फांद्यांवरचा, कुंपणावरचा, तारेच्या जाळीवरचा जेवढा मांजा हाती लागला, तेवढा त्यांनी काढला. विजेच्या तारांना मात्र कोणी हात लावला नाही. जमलेला मांजा कात्रीने बारीक कापून त्यांनी टाकला. तेव्हापासून दर संक्रांतीनंतरच्या शनिवारी हे काम होते.

मित्रांनो, आकाशात कापशी दिसली, की तिच्या रक्तातील त्या न बोलावलेल्या पाहुण्याची आठवण ठेवा. त्याच्याशी ती आपले आपण पाहून घेते. आपण तिच्या वाटेत दोरा टाकू नये, एवढेच ती आपल्याकडे मागते.

शब्दार्थ

परोपजीवी – दुसऱ्या जीवावर जगणारा, तुफैली
हिवताप – थंडी वाजून येणारा ताप, मलेरिया
केंद्रक – पेशीच्या आतील मुख्य भाग
सूक्ष्मदर्शक यंत्र – बारीक वस्तू मोठी करून दाखवणारे यंत्र, खुर्दबीन
वळकटी – गुंडाळलेले अंथरूण
मूत्रपिंड – शरीरात मूत्र तयार करणारा अवयव, गुर्दा
निकामी होणे – काम करेनासे होणे, नाकारा होणे
भारी पडणे – वरचढ होणे

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कापशी घारीला शेतकऱ्याची मैत्रीण का म्हटले आहे?
(आ) हीमोप्रोटिअस इलानी हे नाव कशावरून पडले?
(इ) रॉस यांनी हुसेन खानला प्रत्येक डासामागे काय दिले?
(ई) कापशीच्या पंखाखालून काय निघाले?

प्र. 2. तीनचार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पक्ष्याची आणि माणसाची तांबडी पेशी यांत कोणता फरक आहे?
(आ) रॉस माणसांऐवजी पक्ष्यांवर प्रयोग का करू लागले?
(इ) गिधाडांच्या मृत्यूचे खरे कारण कोणते होते?

प्र. 3. कारण सांगा.
(अ) घारीच्या रक्तातील परोपजीवीमुळे माणसाला मलेरिया होत नाही.
(आ) जखमी पक्ष्याला बळजबरीने पाणी पाजू नये.

प्र. 4. विरुद्धार्थी शब्द लिहा.
निरोगी, उष्ण, तीक्ष्ण, अंधारी, स्वच्छ

उपक्रम : तुमच्या परिसरात दिसणाऱ्या शिकारी पक्ष्यांची नावे मराठीत आणि उर्दूत लिहा. तुमच्या घराभोवती पाणी कोठे साठते ते पाहा आणि ते काढून टाकण्यासाठी काय करता येईल, हे घरातील मोठ्यांना विचारून वहीत लिहा.